दोन गल्ल्यांवरचा नवरा

लोकांच्या कानांचे साचे करणं हा त्याचा धंदा, म्हणून मित्रांनी त्याचं नाव कानशेठ पाडलं होतं. ऐकण्याच्या यंत्राचा जो भाग कानात बसतो, तो ज्याच्या त्याच्या कानाबरहुकूम घडवायचा, घासून गुळगुळीत करायचा. बायको फिजिओथेरपिस्ट. परदेशातल्या एका इस्पितळात तिला दोन वर्षांची नोकरी लागली आणि ती गेली. वर्षभर फोनवर संसार केल्यावर कानशेठने तीन महिन्यांची रजा काढली आणि तिच्याकडे राहायला गेला. रिकामं बसवेना, म्हणून तिथल्याच एका यंत्रांच्या दुकानात तेवढ्यापुरतं काम धरलं.

कामावर त्याचा जीव रमला. कान काय, इथूनतिथून सारखेच. पंचाईत घरी व्हायची. एकच खोली, तीही तिच्या सवयीने लावलेली. कचऱ्याचे डबे चार, आणि तो हमखास चुकीच्या डब्यात टाकायचा. कामावरून आली की ती तासभर खिडकीशी गप्प बसायची.

"काही बिनसलंय का?" त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"नाही रे. मी रोज अशीच बसते."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. तिला असं बसलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

आईचा फोन आला. "सूनबाईला घेऊन येतोयस ना?"

"बघू."

"बघू काय? तू तिला आणायला गेलायस की राहायला?"

त्यालाच ते ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या महिन्यात एक म्हातारे मास्तर दुकानात आले. आधीचे तीन साचे टोचतात म्हणून त्यांनी यंत्रच कपाटात ठेवलं होतं. कानशेठने साचा नव्याने केला. मास्तर तो घालून दुपारभर तिथेच बसले, येणाऱ्या-जाणाऱ्याचं बोलणं ऐकत. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई म्हणाल्या, "वर्षभर राहता का?"

तो जवळजवळ धावतच घरी आला. बायको बटाटे सोलत होती. त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"कानामागून आलास आणि तिखट झालास की!" ती खदखदून हसली. मग हसू विरलं. तिने आणखी एक बटाटा सोलला.

"राहा तू," ती म्हणाली. "पण इथे नको."

"म्हणजे?"

"याच गावात राहा. या खोलीत नको."

त्याच्या तोंडून निघून गेलं, "दुसरं कोणी आहे का?" आणि त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं.

"असतं तर बरं झालं असतं. निदान काय झालंय ते तरी सांगता आलं असतं." तिने सुरी खाली ठेवली. "तू येणार म्हणून मी दिवस मोजत होते. आलास, तर खोलीत कुठे उभं राहावं तेच मला कळेना. आणि जाणार म्हटलं की रडू फुटतं. आता तूच सांग, मला काय झालंय?"

कान जरा चाचपला की कुठे दुखतं ते त्याला कळायचं. इथे त्याची मती गुंग झाली. रागवावं की तिला जवळ घ्यावं? शेवटी त्याने उरलेले बटाटे सोलले.

दोन गल्ल्या सोडून, एका लाँड्रीच्या वर त्याने खोली घेतली. गादी जिन्याने चढवताना दुसरं टोक बायकोनेच धरलं. पडदेही तिनेच लावले. भांडून वेगळी झालेली माणसं असं करतात का? आणि भांडण तरी कुठे झालं होतं?

"आई, आम्ही जवळजवळ राहतो," त्याने फोनवर सांगितलं.

"जवळजवळ म्हणजे रे काय?"

"आवाज तुटतोय, आई," म्हणत त्याने फोन ठेवला.

रविवारी दुपारी बेल वाजली. किल्ली दिलेली असूनही ती दाराबाहेर पाहुणीसारखी उभी होती. चहा झाला. इस्पितळातल्या गमती सांगत ती दोन तास अखंड बोलत होती, आणि त्याला वाटलं, हिला मी किती दिवसांनी भेटतोय! पण मग त्या खोलीत राहते ती कोण?

तेव्हापासून रविवारी ती येते, बुधवारी तो जातो. याला काय म्हणायचं, हे दोघांनाही ठरवता आलेलं नाही.

परवा निघताना तिने एक बूट घातला आणि दुसरा हातात धरून बसून राहिली.

"निघू का?"

"मला काय विचारतेस?"

"मग कोणाला विचारू?"

तो तिच्याशेजारी पायरीवर बसला. दोघंही बराच वेळ उठली नाहीत.