लाल चावी आणि शुक्रवारची बॅटरी

मी एक मेन स्विच बोलतोय. बोटीच्या मागच्या बाकाखाली, दोन बॅटऱ्यांच्या पेटीशेजारी माझा मुक्काम. तळहाताएवढा काळा डबा, वर लाल चावी. चावी लावून फिरवली की बोट जागी होते. काढून घेतली की दिवे, पंखा, रेडिओ सगळं गप्प. माणसं हे सगळं चालू ठेवून घरी जातात आणि बॅटरी बसते, म्हणून तर माझा जन्म. संशय घेणं हा माझा धंदाच आहे.

पहिली तीन वर्षं नाना पेठेत, स्पेअर पार्टच्या एका दुकानात फळीवर काढली. जे शिकलो ते तिथंच. ‘सहज बघायला आलोय’ म्हणणाऱ्याला वस्तू हवीच असते आणि ‘उद्या नक्की येतो’ म्हणणारा पुन्हा दिसत नाही, हे काही कुठल्या शाळेत सांगत नाहीत.

दशरथशेठही सहज बघायलाच आले होते. खडकीच्या पुढं, नदीच्या फुगवट्यावर त्यांची सहलीची बोट. माणूस गोड, चहा पाजल्याशिवाय कोणाला सोडायचे नाहीत. बोट चालवायला लोणी काळभोरचा कोंडीराम, नऊ वर्षांपासून. रोज संध्याकाळी तो मला बंद करायचा, चावी सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकायचा आणि वरून एकदा चाचपून बघायचा. मला आवडायचं ते. हाही संशयीच, आपल्यातलाच.

आणि तरी या हिवाळ्यात बॅटऱ्या बसू लागल्या. त्याही नेमक्या शुक्रवारी.

एका शुक्रवारी विश्रांतवाडीचं एक कुटुंब आजींच्या पंच्याहत्तरीला अख्खी बोट ठरवून आलं. इंजिन नुसतं ‘टक’ म्हणालं. आजी लाइफ जॅकेट घालून तासभर काठावरच बसून राहिल्या. जाताना शेठना म्हणाल्या, “जॅकेट छान आहे हो तुमचं.”

ते शेठना फार लागलं. त्यांनी कोंडीरामला बोलावलं.

“चावी कोणाच्या खिशात असते?”

“माझ्याच.”

“मग बॅटरी कोण खातं? मासे?”

“शेठ, म्या बंद करूनच जातो. गाणी लावत न्हाय, मोबाइल बी लावत न्हाय.”

शेठनी आवाज चढवला नाही. चहा पुढं केला आणि सांगितलं, की आणखी एका शुक्रवारी असं झालं तर चावी टेबलावर ठेवायची आणि लोणीचा रस्ता धरायचा. कोंडीरामनं चहा तसाच ठेवला.

खरं काय ते मला ठाऊक होतं. तो गेल्यावर माझ्यातून विजेचा थेंबही जात नव्हता. पण साक्ष द्यायला मला तोंड कुठं? मग मी एकेकाकडे डोळे वटारून बघायला लागलो. पंखा? तो माझ्या हुकमातला. रेडिओ? तोही. शेवटी स्वतःवरच संशय आला. वय झालं, आतलं तांबं झिजलं असेल, माझ्यातूनच गळत असेल का?

पुढच्या शुक्रवारी शेठ पुरावा धरायला म्हणून सकाळी सातलाच आले. सोबत खडकीची भाग्यश्री, बॅटऱ्या दुरुस्त करणारी. बॅटऱ्या बसलेल्याच होत्या. कोंडीराम नेहमीसारखा तळाची फळी उचलून आत हात घालत होता.

“काका, हात काढा,” ती म्हणाली. “काय काढताय?”

“निर्माल्य. शेठ गुरुवारी हार घालत्यात ना, त्याची फुलं घरंगळून खाली येत्यात. देवाचं हाय, पायाखाली नको. दर शुक्रवारी आल्या आल्या उचलतो.”

भाग्यश्रीनं टॉर्च मारला आणि वाकून आत बघितलं.

बोटीच्या तळाशी साठलेलं पाणी बाहेर फेकायला एक छोटा पंप असतो. पाणी चढलं की त्याचा तरंगता खटका वर उचलला जातो आणि पंप आपोआप सुरू होतो. सगळं बंद असतानाही बोट बुडू नये, म्हणून त्याची वायर मला वळसा घालून थेट बॅटरीला जाते. राखणदार म्हणून मी त्याच्यावर कधी संशयच घेतला नव्हता. आणि आता त्या खटक्याखाली झेंडूचं एक टपोरं फूल घट्ट अडकून बसलं होतं.

या हिवाळ्यापासून दर गुरुवारी संध्याकाळी सगळे गेले, की शेठ बोटीच्या नाकाशी हार घालायचे आणि तांब्याभर पाणी ओतायचे. पाणी फुलांना घेऊन तळाशी जायचं, खटका वर जायचा आणि फूल त्याला खाली येऊ द्यायचं नाही. पाणी संपलं तरी पंप बॅटऱ्या बसेपर्यंत कोरडा फिरायचा. आणि सकाळी कोंडीराम स्वतःच्या निर्दोषपणाचा पुरावा भक्तिभावानं उचलून न्यायचा.

“शेठ, चोर सापडला,” भाग्यश्री म्हणाली. “चांगला तांब्या घेऊन येतो.”

शेठ बाकावर बसले. कोंडीरामनं सवयीनं चावी पुढं केली. शेठनी त्याची मूठ मिटवली.

त्याच दिवशी भाग्यश्रीनं दोन्ही बॅटऱ्या वेगळ्या केल्या. एक फक्त इंजिनासाठी. पंपाला आणि बाकी सगळ्यांना दुसरी. खटक्यावर जाळीही बसवली.

काल गुरुवार होता. शेठ हार घेऊन आले आणि काठावरच थांबले.

“कोंडीराम, कुठं घालू?”

त्यानं धक्क्याचा खांब दाखवला. शेठनी निमूटपणे तिथं घातला.

तेव्हा तुम्हाला एवढंच विनवतो: संशय जरूर घ्या, पण खिशात चावी असलेल्या माणसाआधी एकदा आपल्या हातातला तांब्याही बघा. मीही आता पाठीमागच्या वायरवर नजर ठेवून असतो. बोलायचं अजून पुष्कळ होतं, पण कोंडीराम आलाय. चावी काढली त्यानं. आता खिसा चाचपेल...