पोटाचं औषध

बायकोने बाटली खळखळून हलवली, मापात पांढरं दाट औषध काठोकाठ ओतलं आणि गोळीबरोबर त्याच्यापुढे धरलं.

"एका दमात घ्या. जळजळ थांबेल."

त्याने गोळी जिभेवर ठेवली आणि माप घशात रिकामं केलं. आज अकरावा दिवस. ओटीपोटात खाली, बसतो त्या जागी, कुणीतरी दगड ठेवल्यासारखं दुखत होतं. लघवीला जायचं म्हटलं की अंगावर काटा येत होता.

"पोट कसंय आज?"

"आहे तसंच."

"बरं होईल. धीर धरा." तिने चमचाभर औषध आणखी ओतलं. प्रेमाने कुणी कमी वाढत नाही, औषध असलं तरी.

पोटाला त्याच्या काहीच झालं नव्हतं. डॉक्टरांनी तपासून स्वच्छ सांगितलं होतं, प्रोस्टेट ग्रंथीला सूज आहे आणि जंतूंमुळे आहे. ह्यावरची दुसरी एक गोळी त्याला चालण्यातली नव्हती, तिने पूर्वी एकदा अंगभर पुरळ उठलं होतं. उरली ही एकच. सकाळ-संध्याकाळ, अठ्ठावीस दिवस, बरं वाटलं तरी सोडायची नाही. लघवीची वाट सैल करणारी एक गोळी वेगळी, ती झोपताना. सोबत दुसरं काही औषध चालू आहे का, असंही त्यांनी विचारलं होतं. त्या दिवशी चालू नव्हतं, म्हणून तो नाही म्हणाला.

घरी येताना त्याने गोळ्यांच्या खोक्यातला माहितीचा कागद बारीक फाडून गटारात टाकला. त्यावर पुरुषाच्या कमरेखालचं एक चित्र होतं. बायकोने विचारलं तेव्हा तोंडून पहिलं निघालं ते पोट. पोटाला कुणी हसत नाही.

हसण्याची त्याला धास्ती होती आणि ती उगाच नव्हती. तो पोलादाच्या गोदामात क्रेन चालवायचा. छताला टेकलेल्या केबिनमध्ये आठ तास बसून खालच्या माणसांच्या डोक्यांवरून टनावारी पत्रे न्यायचे. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका म्हाताऱ्या ऑपरेटरला हेच दुखणं झालं. तो तासातासाला शिडी उतरायचा. सगळ्या गोदामाने त्याला 'गळका नळ' म्हणायला सुरुवात केली आणि निवृत्त होईपर्यंत म्हातारा त्याच नावाने हाक ऐकत राहिला. नाव ठेवलं होतं ह्यानेच.

आता मुकादम खालून ओरडायचा, "काय रे, सारखा खाली कुणाला भेटायला येतोस?"

"पोट बिघडलंय," तो सांगायचा, आणि बावन्न पायऱ्या दात आवळून पुन्हा चढायचा.

सोळाव्या दिवशी तो चढू शकला नाही. तिसाव्या पायरीवर हुडहुडी भरली, दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारून तो तिथेच लटकला. दोघांनी दोर लावून त्याला खाली उतरवलं. दुपारपर्यंत ताप एकशे चारवर गेला आणि लघवी पार बंद झाली.

दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा हाताला सलाईन होतं. पायाशी बायको उभी होती, आणि खुर्चीत बसलेली त्याची मोठी बहीण. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवलं होतं. डॉक्टर आत आले तसा त्याने बाही धरून त्यांना खाली ओढलं आणि कानात पुटपुटला, "नाव घेऊ नका, साहेब. बहीण आहे."

डॉक्टरांनी नाव घेतलं नाही. पू झाला होता, आज संध्याकाळीच काढावा लागणार होता. त्यांना एवढंच कळत नव्हतं की सोळा दिवस गोळी घेऊन गुण कसा नाही.

"गोळी कशाबरोबर घेत होते?"

बायकोने पिशवीतून बाटली काढली. तिसरी होती ती. पहिल्या दोन संपल्या होत्या.

डॉक्टरांनी बाटली फिरवून पाहिली. "हे आणि ती गोळी पोटात एकत्र आलं की गोळी अंगी लागतच नाही. आली तशी निघून जाते. गोळ्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं की. वाचलं नाही कुणी?"

डॉक्टर गेल्यावर बहिणीला तोंड फुटलं.

"डॉक्टरीणबाई! कुणी सांगितलं होतं गं तुला स्वतःच्या मनाने पाजायला? सोन्यासारख्या माणसाची माती केलीस."

बहीण डोळे पुसत तोंड धुवायला बाहेर गेली, तेव्हा तो छताकडे बघत म्हणाला, "चूक माझी आहे. पोटाचं नव्हतंच ते."

"माहीत आहे."

त्याने मान वळवली.

"तिसऱ्या दिवशीच कळलं. शर्ट धुवायला काढला, खिशात डॉक्टरांची चिठ्ठी होती. औषधाच्या दुकानात जाऊन विचारलं मी."

"मग रोज ते का देत होतीस?"

"तुम्ही रोज पोट धरून बसायचात." ती चादरीची घडी नसलेल्या जागी घडी घालत होती. "द्यायचं थांबवलं असतं, तर मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं. तुम्हाला ते सोसलं नसतं. साधं पांढरं औषध, त्याने काय बिघडणार, असं वाटलं."

इतके दिवस दोघांनी एकच गोष्ट पोटात ठेवली होती, एकमेकांपासून.

"ताई आली की सांगतो तिला," तो म्हणाला. "सगळं सांगतो. तुझ्यावर आळ नको."

"सांगाल?"

"शप्पथ."

बहीण आत आली. मागून नर्स, हातात ऑपरेशनच्या संमतीचा कागद.

"ताई," तो म्हणाला.

"काय रे राजा?"

तिचे डोळे सुजले होते. लहानपणी तो पडला की ह्याच आवाजात विचारायची. बायको त्याच्याकडे बघत होती. त्याने ओठांवरून जीभ फिरवली.

"हिला बोलू नकोस काही," तो म्हणाला. "अडाणी आहे बिचारी. तिला काय कळतंय त्यातलं."

बहिणीने सुस्कारा टाकला. "तुझा स्वभावच असा. म्हणून तर फावतं हिचं."

बायकोने नर्सच्या हातातून कागद घेतला.

"इथे सही करा," नर्स म्हणाली.

"अगं, कर पटकन," बहीण म्हणाली. "वाचून काय उजेड पडणार आहे?"

बायकोने खिडकीकडे सरकून कागद उजेडात धरला. आजाराचं नाव, कुठे कापणार, पुढे काय काय होऊ शकतं, सगळं तिने वाचलं. मग पान उलटलं, मागची बाजूही शेवटच्या ओळीपर्यंत वाचली, आणि सही केली.