मी आवळलेले चार स्क्रू

मित्रांनो, मी एक जुना स्क्रू ड्रायव्हर आहे आणि तुमचं-माझं फारसं पटेल असं मला वाटत नाही. तुमच्या हातात दिवसभर जे काही असतं, त्यात मला शिरायला जागाच नसते. निबंधाच्या पुस्तकात मला पेचकस म्हणतात. कर्जतच्या बाजारात त्या नावाने मागून बघा, दुकानदार दोनदा विचारेल. माझी मूठ पिवळी आहे आणि एकदा गरम इस्त्रीला टेकल्यामुळे एका बाजूने वितळलेली आहे. स्वभाव तिरसट आहे. तो जन्मापासून नव्हता, अलीकडच्या पंधरा वर्षांत झाला.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. तापवलं, ठोकलं, तेलात बुडवलं, एवढंच आठवतं. १९८४ साली हरी दामले नावाच्या तरुण शिक्षकाने मला विकत घेतलं. त्यांचं घर भिसेगावात. शाळेत ते विज्ञान शिकवायचे आणि घरी आले की काहीतरी उघडून बसायचे. मी कायम त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचो. "झाकण उघडल्याशिवाय वस्तूशी ओळख होत नाही," असं ते वर्गात सांगायचे आणि मला खिशातून काढून दाखवायचे. त्या वेळी मला फार बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

सरांना यंत्रांचं वेड होतं. रेडिओ त्यांनी घरी जोडला. आळीतल्या सगळ्या टीव्हींची पाठ मी उघडली आहे. १९९७ साली भिसेगावातला पहिला कॉम्प्युटर आमच्याकडे आला, तेव्हा लोक चपला बाहेर काढून तो बघायला आत आले होते. म्हणून आधीच सांगतो, सर आज यंत्रांना नावं ठेवतात ती अडाणीपणातून नाही. चाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाची ती कुरकुर आहे.

मग डिंकाचे दिवस आले. सरांनी नवा मोबाईल आणला, स्क्रू शोधत तीनदा उलटासुलटा केला आणि मला परत खिशात ठेवला. तो चिकटवलेला होता. त्यानंतर जे जे घरात आलं ते सगळं तसंच. पंख्याचा रिमोट हरवला, तर चालू पंख्याचा वेग वाढवता येईना आणि सर ऐन मे महिन्यात पुठ्ठ्याने वारा घेत बसले. नवा टीव्ही रोज सकाळी त्यांना अटी मान्य आहेत का म्हणून विचारायचा. "घर माझं, वीज माझी, आणि हा सोद्या मलाच अटी घालतो," असं सर म्हणायचे. धुण्याचं मशीन शेजारच्या खोलीतून त्यांच्या फोनवर निरोप पाठवायचं, की कपडे धुऊन झाले. त्यावरही सर अर्धा तास बोलले. सुचेताताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या, "बोलून झालं असेल तर कपडे वाळत घाला."

आता मुख्य गोष्ट सांगतो. तिच्यात माझाही हात आहे, म्हणून ती सांगताना मला लाज वाटते.

पोशीरला धोंडूबाई नावाच्या एक बाई राहतात. घरची भातशेती, नवरा वारलेला, एकुलता एक मुलगा ओमकार. हा ओमकार सरांचा विद्यार्थी. तो नोकरीला लागला, लग्न झालं आणि शेलूला नव्या इमारतीत फ्लॅट घेऊन राहू लागला. शेलूहून पोशीरला बाईकवर वीस मिनिटं लागतात. दिवसाआड तो आईकडे चक्कर मारायचा, भाकरी खायचा आणि परत जायचा.

मागच्या गणपतीत धोंडूबाई मोरीत घसरून पडल्या. समोरच्या घरातली शकू विरजण मागायला आली होती, तिने त्यांना उचललं. दहा मिनिटंसुद्धा गेली नसतील. पण ओमकारने धसका घेतला. दिवाळीत तो कॅमेरा घेऊन आला आणि म्हणाला, "सर, हा तुम्हीच लावून द्या. आई डोळ्यासमोर राहील."

सरांनी आधी नाक मुरडलं. पण विद्यार्थ्याने मागितलेलं काम, आणि काळजी खरी होती. ओटीवरच्या खांबाला सरांनी पट्टी धरली आणि मी चार स्क्रू आवळले. किती वर्षांनी मला खरे स्क्रू मिळाले होते. मी अगदी घट्ट आवळले. धोंडूबाई खाली उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मास्तर, ह्यो माज्याकडं बगनार, मी कुणाकडं बगायचं?" सर हसले. मीही ते मनावर घेतलं नाही.

त्यानंतर काय झालं ते मला पुष्कळ उशिरा कळलं. शकू सरांना सांगत होती तेव्हा मी खिशात होतो, म्हणून कळलं.

धोंडूबाईंची ओटी ही सगळ्या आळीची बसायची जागा. दुपारचं काम आवरलं की शकू, भागूबाई, सोनाबाई तिथे येऊन टेकायच्या, तांदूळ निवडायच्या आणि मनातलं बोलायच्या. कॅमेरा आल्यावर एकदा मधेच खांबातून ओमकारचा आवाज आला, "आई, गोळी घेतलीस का?" भागूबाईच्या हातातलं सूप पडलं. तरी बायका येत राहिल्या. मग एके दिवशी शकू आपल्या जावेबद्दल काही बोलली. सासरी राहणारी बाई बोलते तसलंच ते, दुसऱ्या दिवशी विसरायचं. ओमकारच्या बायकोने, संजनाने, ते शेलूला बसून ऐकलं. तिला गंमत वाटली. तिने कॅमेऱ्यात टिपलेला तो तुकडा नात्यातल्या ग्रुपवर टाकला आणि फिरत फिरत तो शकूच्या जावेच्या फोनवर पोचला. शकूच्या घरात दोन चुली झाल्या.

त्या दिवसापासून ओटीवर कुणी पाय ठेवला नाही. धोंडूबाईंशी कुणाचं भांडण नव्हतं. बायका त्यांना स्वतःच्या घरी बोलवायच्या, पण इकडे यायच्या नाहीत. जाता-येता त्या खांबाकडे बघायच्या आणि पदर सारखा करून पलीकडच्या वाटेने निघून जायच्या. ओमकारचं येणंही कमी झालं. दिवसाआडचा आठवडा झाला, आठवड्याचा महिना झाला. सरांनी विचारलं, तर तो म्हणाला, "रोज बघतो ना सर तिला." बघतो म्हणाला, भेटतो म्हणाला नाही. सरांच्या तेव्हा ते लक्षात आलं नाही.

चैत्रात तिकडे तांदळाच्या पापडांची पाळी असते. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी. प्रत्येक बाई आपलं पोळपाट-लाटणं घेऊन येते, कारण उकड गरम असेपर्यंतच पापड लाटले जातात, एकटीदुकटीचं ते काम नाही. धोंडूबाई सगळ्यांच्या पाळीला गेल्या होत्या. मग त्यांची पाळी आली. त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं. कुणी नाही म्हटलं नाही, सगळ्या "बघते" म्हणाल्या. धोंडूबाईंनी पहाटे उठून पाच किलो पिठाची उकड काढली, ओटीवर गोणपाट अंथरलं आणि पाच जणींची जागा केली.

एकही आली नाही. उकड थंड होत चालली म्हणून त्या एकट्याच लाटायला बसल्या. पोटात काही नव्हतं. बाहेर ऊन चढत होतं.

दुपारी साडेबाराच्या सुमारास भिसेगावात सरांचा फोन वाजला. ओमकार होता. त्या दिवशी तो घरूनच काम करत होता, म्हणजे शेलूलाच होता. तो म्हणाला, "सर, कॅमेरा अडकलाय. तासाभरापासून एकच चित्र दिसतंय, हलतच नाहीये. हाक मारून बघितली, आवाजही जात नाहीये बहुतेक. फोनही बंद करून चालू केला. मागच्या अपडेटनंतर दोनदा असंच झालं होतं. आज जमेल का जाऊन बघायला?"

मित्रांनो, आमची चूक इथे झाली. सरांनी फोन ठेवला आणि सुचेताताईंना दहा मिनिटं व्याख्यान दिलं. हे अपडेट म्हणजे धडधाकट माणसाला रोज सलाईन लावण्याचा प्रकार आहे, म्हणाले. वस्तू विकतात आणि तिचं नाक आपल्या मुठीत ठेवतात, म्हणाले. मी खिशात बसून मान डोलवत होतो. एकेक शब्द खरा होता. मग सरांनी चहा घेतला, टोपी घातली आणि स्कूटर काढली. यंत्र बिघडलंय याची आम्हा दोघांना इतकी खात्री होती, की माणसाचा विचारच आमच्या मनात आला नाही.

आम्ही पोशीरला पोचलो तेव्हा ओटीवर धोंडूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मान एका बाजूला कललेली. लाटणं मांडीवर. समोर अर्धा लाटलेला पापड वाळून कडेने वर आला होता. कॅमेऱ्याचा निळा दिवा नीट चालू होता.

सरांनी दोन हाका मारल्या. मग ते अंगणात धावत गेले आणि समोरच्या घराकडे बघून ओरडले. चाळीस वर्षांत मी त्यांना तसं ओरडताना ऐकलं नव्हतं. शकू हातातलं काम टाकून आली. ओटीच्या पायरीशी ती क्षणभर थांबली, वर खांबाकडे बघितलं, आणि चढली. तिने धोंडूबाईंना आडवं केलं, तोंडावर पाणी मारलं, जिभेवर साखर ठेवली.

बऱ्याच वेळाने धोंडूबाईंचा हात हलला.

ओमकारने शेलूला तेव्हाच परत फोनमध्ये बघितलं असावं. खांबातून त्याचा आवाज आला, "हां सर, झालं बघा चालू. हलायला लागलं. थँक यू हां."

शकूने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. सर उभे राहिले आणि कॅमेऱ्याच्या अगदी समोर गेले. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"ओमकार, कॅमेरा अडकला नव्हता. हलत नव्हती ती तुझी आई होती."

सरांनी निळ्या दिव्याकडे बोट केलं.

"चित्राच्या कोपऱ्यात घड्याळ असतं. ते चालू होतं ना रे?"

अठरा मिनिटांनी अंगणात बाईक आली.

तोवर धोंडूबाई उठून बसल्या होत्या. शकू त्यांचे तळवे चोळत होती. ती म्हणाली, "धोंडूबाय, काय गं ह्ये. हाक मारायची ना मला."

"कशी मारू? तुमी तर वाटच बदलली."

"तुज्यामुळं नाय गं बदलली."

"माहीत हाय मला," धोंडूबाई म्हणाल्या. "पर बसायचं तर मलाच व्हतं ना हितं."

ओमकार आईच्या पायाशी येऊन बसला. धोंडूबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "जेवलास का रं?" मला तेव्हा सगळ्यांचाच राग आला. ओमकारचा, सरांचा, खांबावरच्या त्या डोळ्याचा आणि माझा स्वतःचा. गणपतीत आईला वेळेवर उचललं ते विरजणाने. त्या विरजणाची वाट आम्ही चार स्क्रूंनी बंद केली होती.

नेरळचे डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी ऊन लागलं, साखर उतरली, अजून तासभर गेला असता तर अवघड होतं. संध्याकाळी धोंडूबाईंना घरी आणून खाटेवर निजवलं. सरांनी मला खिशातून काढलं आणि ओमकारपुढे धरलं.

"सर, तुम्हीच काढा ना."

"मी लावला ती माझी चूक. काढायचा तू."

ओमकारने आयुष्यात मला हातात धरलं नव्हतं. तो स्टुलावर चढला आणि जोर लावून फिरवू लागला. स्क्रू निघेना. तो उलट आवळत होता. सर मुद्दाम गप्प बसले. खाटेवरून धोंडूबाई म्हणाल्या, "दुसऱ्या अंगाला फिरव रं. डबा कधी उघडला नाय का?" मग एकेक करून चारही स्क्रू त्याच्या हातात पडले. खांबावर चार भोकं राहिली.

तिसऱ्या दिवशी धोंडूबाईंनी नवी उकड काढली. शकू पोळपाट घेऊन आली. बसण्याआधी तिने वर बघितलं, भोकं नीट मोजली आणि मग मांडी घालून बसली. तिच्यामागून भागूबाई आणि सोनाबाई आल्या. सगळ्यात शेवटी संजना आली. तिच्याशी कुणी बोललं नाही. शकूने बऱ्याच वेळाने एक गोळा तिच्या पोळपाटावर टाकला आणि म्हणाली, "पातळ लाट." शकूच्या घरातल्या दोन चुली मात्र अजून दोनच आहेत. सगळं काही स्क्रू काढून सुटत नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी वस्तूने विनवायचं असतं, की आम्हाला जपा. मला जपू नका. मी लोखंड आहे, गंजेन फार तर. तुम्ही एवढंच करा. फोनवर आई दिसत असेल आणि चित्र हलत नसेल, तर कॅमेरा बघायला माणूस पाठवू नका. कोपऱ्यातलं घड्याळ बघा. ते चालत असेल तर उठा आणि आधी शेजारच्या घरात फोन करा. शेजारचा नंबर तुमच्याकडे आहे का, ते आजच बघून ठेवा. ओमकारकडे नव्हता.

हल्ली दिवसाआड संध्याकाळी पोशीरच्या त्या अंगणात बाईक येते. ओमकार ओटीवर बसून भाकरी खातो. शेलूहून त्याला आता काहीच दिसत नाही, म्हणून तो येतो.