गंजाचं संशोधन

शर्मिष्ठा कोरगावकरने एमएससीला असताना साठ कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा रेणू चित्रात पाहिला आणि त्याच्या प्रेमात पडली. पुढची अठ्ठावीस वर्षं तिने घाटकोपरच्या एका कॉलेजात काजळी केली. काजळीतून कधी ते फुटबॉल, म्हणजे फुलरीन, निघाले, कधी केसाहून हजारो पट बारीक कार्बनच्या नळ्या, म्हणजे नॅनोट्यूब, आणि बहुतेकदा नुसती काजळीच. मुलुंडच्या सोसायटीत कुणी विचारलं तर ती सांगे, "धूर काढते आणि त्यावर लिहिते."

तिचं नाव झालं ते मात्र एका शोधनिबंधामुळे. कापूर भट्टीत तापवून तिने धातूचा कण न घालता नॅनोट्यूब वाढवल्या होत्या. लोखंडासारख्या उत्प्रेरकाशिवाय त्या वाढत नाहीत असं सगळं जग म्हणत होतं, आणि शर्मिष्ठा म्हणत होती, वाढतात. त्यावर बढती मिळाली, चार परदेशवाऱ्या झाल्या.

नऊ वर्षांनी तिचा पीएचडीचा विद्यार्थी प्रबुद्ध तोच प्रयोग पुन्हा करायला बसला आणि आठ महिने त्याच्या हाती फक्त काळी भुकटी लागली.

"हात स्वच्छ ठेव रे! भट्टीची नळी नीट धू," ती रोज ओरडे. तो रोज धुवत असे.

एका रविवारी सासूबाई, मालन, देवापुढे आरती करत होत्या. त्यांनी कापराचा पत्र्याचा डबा उघडला आणि करवादल्या, "बघ गो, तळाक सगळो गंज. टाकूक व्हयो हो डबो. त्या वर्षी तू माका न इचारता ह्यातलोच कापूर घेऊन गेलंस, तेवाच गंजलेलो होतो."

शर्मिष्ठाच्या हातातली घंटा वाजायची थांबली. प्रयोगशाळेतला कापूर संपला होता, म्हणून त्या प्रयोगासाठी घरचा नेला होता, हे तिला लख्ख आठवलं. आणि गंज म्हणजे लोखंड. निबंधासाठी तिने लोह तपासलंच नव्हतं. घातलंच नाही तर तपासायचं कशाला, असा तिचा बाणेदार विचार!

सोमवारी डबा घेऊन ती कॉलेजात गेली आणि त्यातला कापूर प्रबुद्धला भट्टीत घालायला लावला. संध्याकाळी सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर नॅनोट्यूबचा शेवयांसारखा गुंता दिसला आणि प्रबुद्ध उडालाच.

"मॅडम, आल्या!"

"हो, आणि मी गेले."

तिने त्याला सगळं सांगितलं. बिचाऱ्याचा दोष एवढाच की तो स्वच्छ होता.

त्यानंतर दोन दिवस तिने काहीच केलं नाही. "कोण बघतंय इतकं जुनं?" नवरा यज्ञेश म्हणाला, आणि तिला तो लग्नानंतर पहिल्यांदाच इतका शहाणा वाटला. एकदा तर 'घरगुती कापराचे विशेष गुणधर्म' अशा मथळ्याचा नवा निबंधही मनात सुचून गेला. स्वतःची तिला लाजच वाटली, पण मथळा वाईट नव्हता.

बुधवारी प्रबुद्ध चहा पिताना सहज म्हणाला, "मी तर गेल्या महिन्यात घरी सांगून टाकलेलं मॅडम, की मला हे जमत नाही. आई म्हणाली, सोड मग, नोकरी बघ."

शर्मिष्ठाने कप खाली ठेवला. "लाव आईला फोन."

कांजूरमार्गहून त्याची आई सुगंधाबाई घाबरून बोलल्या, "काय केलं हो त्याने?"

"त्याने नाही, मी केलं. चूक माझी होती. आठ महिने मी त्याला उगाच बोलले."

सुगंधाबाईंनी एवढंच विचारलं, "मग आता त्याचं होईल ना?"

"त्याचं होईल. माझं काय होतं ते बघायचं."

त्याच दुपारी तिने नियतकालिकाला चूक कळवली. सहा महिन्यांनी दुरुस्ती छापून आली, तीत पहिलं नाव प्रबुद्धचं. व्याख्यानांची बोलावणी बंद झाली. कॉलेजच्या माहितीपत्रकातून तिचा फोटो गेला आणि तिथे नव्या कॅन्टीनचा आला. तो खरंच जास्त चांगला दिसत होता. प्रबुद्धला पदवी मिळाली, मरोळच्या एका बॅटरी कंपनीत नोकरीही.

शर्मिष्ठाने नवं काम काढलं. महागातलं शुद्ध ग्रॅफाइट मागवलं आणि सगळ्यात आधी त्यातलं लोह तपासलं. लोह अजिबात नव्हतं. निकेल होतं, तोही तितकाच आगाऊ उत्प्रेरक.

ती एकटीच इतक्या जोरात हसली की प्रयोगशाळा सांभाळणारी शकु झाडू घेऊन धावत आली.