दुसरा ब्रेक

"नाही हो, ते नाही येऊ शकणार. पित्त झालंय त्यांना."

त्या घरात फोन वाजला की हे वाक्य तयारच असायचं. लग्न असो, शाळेतली पालकसभा असो, नाहीतर शेजारच्यांचा गृहप्रवेश असो, पित्त वेळेवर हजर! या पित्ताचा शोध सासूबाईंनी लावला होता, आणि ते जगाला कळवण्याचं काम सुनेकडे होतं. बरं, सून काही साधीसुधी नव्हती. अर्ध्या शहराच्या हातात स्टिअरिंग देणाऱ्या त्या ड्रायव्हिंगवाल्या ताई. लाल फलकाची छोटी गाडी, डावीकडच्या सीटवर ताई, आणि त्यांच्या पायाशी शिकवणाऱ्यासाठी असतो तो दुसरा ब्रेक. मोठमोठे अधिकारी त्यांच्यापुढे क्लच सोडताना घामाघूम व्हायचे, आणि ताई शांतपणे म्हणायच्या, "घाबरू नका. गाडी तुमचं ऐकते. तुम्ही आधी सांगा तर खरं!"

आणि अशा ताईंचे यजमान गाडी चालवत नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!

पूर्वी चालवायचे. झकास चालवायचे. नदीच्या अलीकडे पंपाचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता, तिथे ते लेथवर काम करत. त्यांच्या हातून उतरलेला शाफ्ट केसभर इकडे नाही की केसभर तिकडे नाही, म्हणून कारखान्यात सगळे त्यांना 'केसभर काका' म्हणत. ताईंचे यजमान काका कसे, असं कुणी विचारू नये. नावं लोक ठेवतात, नाती विचारून ठेवत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी काका एकटेच गाडी घेऊन नदीवरच्या मोठ्या पुलावर अडकले. पुढे गाड्या, मागे गाड्या, खाली पाणी. अचानक छातीत धडधड सुरू झाली. श्वास पुरेना, हाताला मुंग्या आल्या, डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. आपण आता मरतो, असं त्यांना वाटलं. अगदी खरंखुरं वाटलं. त्यांनी गाडी तिथेच सोडली, दार उघडं टाकलं आणि पायी पळत परत आले. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ! शेवटी ताईंनी जाऊन गाडी काढली.

दवाखान्यात हृदयाची सगळी तपासणी झाली. हृदय ठणठणीत निघालं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी हसून पाठीवर थाप मारली. "काही नाही. टेन्शन घेऊ नका."

टेन्शन घेऊ नका! जणू कुणीतरी दारोदार ते वाटत फिरतंय आणि हा माणूस हावरटासारखा ओंजळ पुढे करतोय!

'काही नाही' हे दोन शब्द काकांच्या फार जिव्हारी लागले. काही नाही, तर मग मला होतं ते काय? मी भित्रा आहे की नाटकी? त्यांनी पूल सोडला. मग गाडी सोडली. मग लिफ्ट, मग गर्दी, मग रांगा. एकेक दार बंद होत गेलं आणि प्रत्येक दारावर ताई पहाऱ्याला उभ्या राहिल्या. बँकेत ताई, बाजारात ताई, नातेवाइकांकडे ताई. तळहाताच्या फोडासारखं जपलं त्यांनी नवऱ्याला. आणि कुणी विचारलंच तर पित्त होतंच. सासूबाई बजावायच्या, "बाहेर एक शब्द जाता कामा नये हं. झाकली मूठ सव्वा लाखाची!"

हे असंच चाललं असतं. पण कारखाना नदीपलीकडे हलवायचं ठरलं.

नव्या जागेत नवी यंत्रं येणार होती आणि नव्या मुलांना हाताखाली घेऊन तयार करायला मालकांना केसभर काकाच हवे होते. पगारवाढ होती, मान होता. फक्त मधे पूल होता. काकांनी दोन दिवस जेवणाच्या ताटाकडे नुसतं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "अगं, मी सोडतो नोकरी. पित्ताचं कारण सांगतो."

ज्या हातांना केसभर चूक माहीत नव्हती, ते हात आता घरी बसणार! ताईंना हे मुळीच पटलं नव्हतं. पण सवयीने तोंडातून निघालं तेच. "सोडा. मी आहे ना!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या गाडीत एक पन्नाशीच्या बाई शिकत होत्या. मनाच्या आजारांच्या डॉक्टर. लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झालेल्या, तरी उत्साह तोच. बाजाराच्या रस्त्यावर गाडीने एकदा गचका खाल्ला, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. डॉक्टरबाईंनी गाडी कडेला घेतली.

"ताई, एक विचारू? गाडी कोण चालवतंय? तुम्ही की मी?"

"म्हणजे?"

"समोर कुणी नव्हतं. मी वेग कमी करणारच होते. त्याआधीच तुम्ही तुमचा ब्रेक दाबला. गेले कित्येक दिवस दाबताय. अशाने मला गाडी कशी येणार? मला तर आता वाटायला लागलंय, की रस्त्यावर खरंच काहीतरी भयंकर आहे आणि ते फक्त तुम्हाला दिसतंय!"

ताईंनी खाली पाहिलं. उजवा पाय ब्रेकवर होता. गाडी उभी होती, तरीसुद्धा! वीस वर्षं त्या नव्या प्रशिक्षकांना सांगत आल्या होत्या, की शिकवणाऱ्याने पाय ब्रेकजवळ ठेवायचा, ब्रेकवर नाही. त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. आणि जे दोन वर्षांत कुणालाही सांगितलं नव्हतं, ते कडेला उभ्या गाडीत बाहेर पडलं. पूल, उघडं दार, दवाखाना, नोकरी, आणि पित्त.

"पित्त!" डॉक्टरबाई हलकेच हसल्या. "आपल्याकडे या एका शब्दाने किती घरांची अब्रू सांभाळलीय म्हणून सांगू! कुठे पित्त, कुठे बीपी, कुठे अशक्तपणा. सगळी भीतीचीच टोपणनावं. ताई, तुमच्या यजमानांना घबराटीचा आजार असणार. मी त्यांना पाहिल्याशिवाय ठाम सांगणार नाही. पण हृदय तपासून घेतलंत ते फार बरं केलंत. आता मनही दाखवा."

"पण ते वेडे नाहीत हो!"

"वेडे कोण म्हणतंय? शरीराला धोका वाटला की ते पळायची तयारी करतं. छाती धडधडते, श्वास वाढतो. सगळ्यांचंच असं होतं. तुमच्या यजमानांचं शरीर नको तिथे ही तयारी करतं, एवढंच. ती लाट चढते आणि आपली आपण उतरतेही. पण ती उतरायच्या आत माणूस पळाला, तर मनाची खात्री पटते, की पळालो म्हणून वाचलो. मग पुढच्या वेळी भीती दुप्पट."

"म्हणून तर मी त्यांना कुठे जाऊ देत नाही! जपते मी त्यांना."

"जपता की झाकता?" डॉक्टरबाईंचा आवाज मऊ होता, पण शब्द मऊ नव्हते. "रागावू नका. तुमचं प्रेम मला दिसतंय. पण ते एक पाऊल टाकायच्या आत तुम्ही तुमचा ब्रेक दाबताय. बँकेत तुम्ही, बाजारात तुम्ही. त्यांनी गाडी चालवायची कधी?"

ताईंनी पाय ब्रेकवरून जरा मागे घेतला. त्या दिवशी डॉक्टरबाई घरापर्यंत एकदाही गचका न खाता आल्या.

घरी मात्र महाभारत झालं. "माझ्या मुलाला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेणार?" सासूबाई कडाडल्या. "चार लोकांत तोंड दाखवायला जागा राहील का? झाकली मूठ..."

"आई," काका म्हणाले. दोन वर्षांत त्यांचा आवाज एवढा स्पष्ट कुणी ऐकला नव्हता. "मूठ झाकून झाकून बोटं आखडली माझी. त्याला काहीतरी नाव आहे म्हणतायत ना? मग मला जायचंय. मला वाटत होतं, मी नुसता भित्रा आहे."

ते गेले. आजाराला नाव मिळालं, तिथेच अर्धं ओझं उतरलं. थोडे दिवस औषध घ्यायचं ठरलं आणि बोलायला जायचं ठरलं. श्वास सावकाश घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा, हे ते शिकले. लाट आली की तिच्याशी भांडायचं नाही, तिला म्हणायचं, 'आलीस? बस. मी काम करतोय.' आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं, की पुलाकडे थोडंथोडं जायचं. घाबरत जायचं, पण लाट उतरेपर्यंत परत फिरायचं नाही.

पित्ताच्याच नावावर मालकांकडून महिनाभराची मुदत घेतली. गाडी ताईंचीच, लाल फलकाची. पहिल्या दिवशी काका फक्त त्या गाडीत स्टिअरिंगपाशी बसले. मग गल्लीत फिरले. मग पूल दिसेल अशा चौकात गाडी उभी करून बसले. शर्ट ओला झाला, पण लाट उतरली. "उतरली गं!" असं ते एवढ्या आश्चर्याने म्हणाले, की ताईंना हसावं की रडावं कळेना. काही दिवस बिघडलेही. एकदा चौकातूनच परत फिरले आणि रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

मुदत संपत आली. शेवटी एका सकाळी काकांनी गाडी पुलावर घातली.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. मधोमध आल्यावर पुढची गाडी हळू झाली. काकांच्या कपाळावर घाम फुटला, बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली. ताईंनी ते पाहिलं, आणि खाड्‌कन ब्रेक दाबला!

गाडी गचका देऊन बंद पडली. नेमकी तिथेच! मागून हॉर्नवर हॉर्न. पुढची गाडी तर केव्हाच निघून गेली होती, रस्ता मोकळा होता. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. हे काय केलं मी! आता हे दार उघडणार, आता पळणार...

काकांचा हात दाराकडे गेला. तिथेच थांबला. आणि ते ताईंकडे वळून ओरडले, "ब्रेक का मारलास? चालवत होतो ना मी!"

दोन वर्षांत हा माणूस बायकोवर एकदाही चिडला नव्हता. चिडायलाही अंगात जीव लागतो! ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. श्वास वर चढला होता, आणि तरी डोळे लेथवर असायचे तसे होते. यांचं काम बिघडवलं होतं कुणीतरी, आणि ते कुणीतरी म्हणजे ताईच होत्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. आणि मग अर्ध्या शहराला गाडी शिकवणाऱ्या त्या बाईंनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घालून बसल्या.

"हे काय?"

"पाय काढला. आता गाडी तुमची."

काकांनी श्वास घेतला. सावकाश सोडला. मागचे हॉर्न वाजतच होते. "वाजवू देत लेकाचे," ते पुटपुटले. अजून एक श्वास सोडला. किल्ली फिरवली. क्लच, पहिला गिअर. गाडी हलली, केसभरही गचका न देता. पुलाचा उरलेला अर्धा भाग मांडीवर हात ठेवून ताई समोर बघत बसल्या. भीती त्यांनाही वाटत होती. पण त्या दिवशी नवऱ्याच्या भीतीत त्यांनी नाक खुपसलं नाही. पूल संपला तेव्हा दोघंही एकदमच हसले, आणि मग ताईंना जे रडू आलं ते काही केल्या थांबेना. अभिमानाने ऊर भरून येतो म्हणतात. ताईंचा तर डोळ्यांवाटे वाहिला!

नव्या कारखान्याच्या फाटकात सगळे जमले होते. मालक पुढे आले. "या काका! कसं आहे तुमचं पित्त?"

ताईंच्या ओठावर उत्तर आलंच होतं. त्यांनी ते गिळलं.

"पित्त मला कधीच नव्हतं, साहेब," काका म्हणाले. "मला घबराटीचा आजार आहे. उपचार चालू आहेत. आत्ता पुलावरही आला होता झटका. तरी गाडी मीच आणली." आणि त्यांनी खिशातून चष्मा काढून पुसला. "चला, यंत्र कुठे लावलंय दाखवा."

 मग मालकांनी त्यांचा हात हातात घेतला. सगळे आत निघाले तेव्हा भट्टीवरचा एक आडदांड गडी, ज्याला सगळे 'पहिलवान' म्हणत, काकांच्या शेजारी येऊन चालू लागला. इकडेतिकडे पाहत हळूच म्हणाला, "काका, त्या डॉक्टरबाईंचा पत्ता द्याल? मलाही... पित्तच होतं हो, कधीपासून."

वाचकहो, आपल्याही घरात, आपल्याही कचेरीत असं एखादं पित्त असेल. जरा आठवून पाहा. कुणी लिफ्ट टाळतो, कुणी सभेच्या दिवशी हमखास आजारी पडतो. त्याला हसू नका, आणि 'मनाचे खेळ आहेत' म्हणून वाटेला लावू नका. ताप आला तर आपण डॉक्टर गाठतो, मग घाबरलेल्या मनाने काय पाप केलंय? त्याच्या आजाराला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारा. त्याला उपचारापर्यंत सोबत द्या. शेजारच्या सीटवर जरूर बसा. पण स्टिअरिंग त्याच्या हातात राहू द्या, आणि आपला पाय आवरा. धीर म्हणजे भीती नसणं नव्हे. भीतीला शेजारी बसवून गाडी पुढे नेणं, हाच धीर!

पूल ओलांडल्याचं ताईंनी कारखान्यातूनच घरी कळवलं होतं. त्या दुपारी त्या घरी पोचल्या तर फोन वाजत होता. त्या चपला काढेपर्यंत सासूबाईंनी उचललासुद्धा. पलीकडे नणंद होती, नेहमीसारखी चौकशी करत होती. ताई दारातच थबकल्या.

"पित्त?" सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबल्या. पदर सावरला. "पित्त नाही गं. त्याला घबराट होते. होते, आणि जाते. औषध चालू आहे." आणि मग साऱ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात, "घरी? घरी कशाला असेल! कामावर गेलाय. पूल ओलांडून. स्वतः गाडी चालवत!"