वॅगनची मागची बाजू

वहिनींनी तीस वर्षं लॉन्ड्री चालवली. कपड्यांवरचे डाग काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि घरात नवरा मात्र नव्याकोऱ्या वस्तूंना डाग पाडत बसायचा. वस्तू म्हणजे मालगाडीच्या बोटभर वॅगन. कुणी खेळणी म्हटलं की त्याला राग यायचा. छोट्या रेल्वेगाड्या बनवणाऱ्यांच्या क्लबातले पोस्टमास्तर त्या थ्रीडी प्रिंटरवर छापून द्यायचे आणि हा त्यांना घासून, रंगवून, गंज चढवून पार म्हाताऱ्या करायचा. क्लबात त्याचं नावच गंजोबा पडलं होतं. घरात एक गंजलेला माणूस पुरे नाही का, असा टोमणा वहिनी येता-जाता मारायच्या. दरवर्षी क्लबाच्या प्रदर्शनात रुळांच्या गोलाच्या आतल्या अंगाला, गाडी चालवणाऱ्या गंजोबाशेजारी स्टूल टाकून त्या विणत बसायच्या. गाडीकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत.

गंजोबाला जाऊन तीन महिने झाले होते. झोपेतच गेला, हृदय बंद पडून. त्याला बिचाऱ्याला काही कळलंसुद्धा नाही, तेवढंच बरं झालं, असं वहिनी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या. खरं तर तेवढ्या एका वाक्यावर त्या उभ्या होत्या. रविवारी प्रदर्शन होतं, त्यात त्याची दहा वॅगनची कोळशाची गाडी धावायची होती आणि दहावी वॅगन कोरीच राहिली होती. पोस्टमास्तर म्हणाले, नऊच चालवू. वहिनींच्या तोंडून निघून गेलं, दहावी मी करते. आता बोलून बसल्यावर माघार घेतील तर त्या वहिनी कसल्या!

त्या त्याच्या टेबलाशी बसल्या. छापलेल्या प्लास्टिकवर थरांच्या बारीक रेघा दिसतात, त्या ओल्या पॉलिशपेपरनं घासून काढल्या. मग करडा प्रायमर, त्यावर तपकिरी रंग. इथवर ठीक होतं, गाडं अडलं ते गंजाशी. पातळ काळा रंग सगळीकडे फासला तर वॅगन गटारातून उपसल्यासारखी दिसायला लागली. वैतागून पुसायला घेतली आणि हात थांबला. अरेच्चा, हे तर आपलंच काम, फक्त उलटं. शर्ट मळतो तो कॉलरला आणि कफला, तशी वॅगन मळणार दाराच्या कडेला आणि कडीपाशी. पाणी वरून खाली ओघळतं, म्हणजे डागही तसाच उतरणार. थिनर लावलेल्या कापसाच्या काडीनं त्यांनी काळा रंग वरून खाली ओढला आणि प्रत्येक रिव्हेटखाली एक बारीक ओघळ राहिला. स्वारी स्वतःवरच खूश झाली.

रंग जुळतोय का बघायला त्यांनी बाकीच्या नऊ वॅगन खोक्यातून काढून ओळीनं मांडल्या. पहिल्या चार दोन्ही बाजूंनी गंजलेल्या होत्या. पाचवीपासून मागची बाजू नुसती तपकिरी, कोरी. वहिनींचं डोकंच फिरलं. कपाट रंगवलं तेव्हाही मेल्यानं मागची बाजू तशीच सोडली होती.

मग त्यांनी एक वॅगन उलटी केली. काम संपलं की गंजोबा पोटाखाली बारीक अक्षरात तारीख घालायचा. पहिल्या चारांना महिना-महिना लागला होता. पुढच्या पाच दोन महिन्यांत उरकल्या होत्या. चौथीवरची तारीख वहिनींना पाठ होती. त्याच्या दुसऱ्याच दिवशी लॉन्ड्रीतलं मोठं मशीन बंद पडलं, म्हणून छातीत दुखतंय ते दाखवायला तो डॉक्टरकडे एकटा गेला होता. काही नाही गं, ॲसिडिटी आहे, म्हणत घरी आला होता आणि नेहमीसारखा टेबलाशी बसला होता.

म्हणजे त्याला माहीत होतं. दोन्ही बाजू करायला दिवस पुरणार नाहीत, म्हणून लोकांना दिसते तेवढी एकच करत गेला, आणि आपण चहाचा कप आपटून टोमणे मारत राहिलो. वहिनींना त्याचा भयंकर राग आला. मग रडू आलं, आणि कितीतरी वेळ ते थांबेना.

शनिवारी दुपारी पोस्टमास्तर गाडी न्यायला आले. दहावी वॅगन हातात घेऊन त्यांनी दोनदा मान हलवली. ही नवी कोणती हे ओळखू येत नाही, म्हणाले. वहिनींचं लक्ष नव्हतं. त्या आठवी आडवी धरून तिची मागची बाजू काळी करत होत्या. पाचवी, सहावी, सातवी वाळत होत्या. कशाला जिवाचा आटापिटा, असं पोस्टमास्तरांनी समजावून पाहिलं. गर्दी बाहेरच्या अंगाला असते, मागची बाजू कायम आत राहते.

"वहिनी, त्या बाजूनं बघणार कोण?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "माझं स्टूल आतच असतं. मी बघत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं ती बाजू सोडली."

पोस्टमास्तरांनी खोकं खाली ठेवलं, खुर्ची ओढली आणि नववी वॅगन उचलून त्यांच्या हाताशी ठेवली.