‘डीपली’ची पायरी

दोघी बहिणींतली धाकटी गीझर बनवणाऱ्या कंपनीत बावीस वर्षं एकच काम करत होती: गिऱ्हाइकांच्या तक्रारींना इंग्रजीतून उत्तरं लिहिणं. सोपं वाटतं ना? वाटू द्या. तिथे दिलगिरीच्याही पायऱ्या ठरलेल्या होत्या. दुरुस्तीचा माणूस उशिरा पोचला तर नुसतं ‘सॉरी’. पोचलाच नाही तर ‘व्हेरी सॉरी’, आणि सोबत नवी तारीख. सगळ्यात वरची पायरी ‘डीपली’ची. शब्दकोशात बघाल तर अर्थ सापडेल: ‘मनापासून, अगदी खोलवर’. कंपनीत त्याचा वापर एवढाच, की हमी संपली, आता आम्ही काही करणार नाही, तारीखबिरीख मागू नका.

हे तिला शिकवलं होतं तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं. ताई तेव्हा त्याच खोलीत सगळ्यांची पत्रं तपासायची, हातात लाल पेन्सिल घेऊन. धाकटीनं पहिल्याच आठवड्यात एका आजोबांना ‘डीपली’ही लिहिलं आणि खाली तारीखही दिली.

"अगं वेडाबाई," ताई म्हणाली, "माणूस पाठवणार असशील तर डीपली कशाला?"

आणि ज्या पत्रात तारीख राहून जायची, त्याच्या समासात ती लिहायची, ‘कोण जाणार? कधी?’

पुढे ताई निवृत्त झाली, दुसऱ्या गावी राहायला गेली. गेल्या महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. "मी येते, चांगली पंधरा दिवस राहते," असं धाकटी छातीठोकपणे म्हणाली होती. मग कामाचा ढीग, मग साहेबांचा चेहरा, मग आज-उद्या, आज-उद्या. रजेचा अर्ज काही लिहिला गेला नाही. ताईला दवाखान्यातून घरी आणलं ते शेजारणीनं. तेव्हापासून ताई फोन उचलेना. दोघींना एकमेकींशिवाय होतं तरी कोण?

शेवटी तिनं पत्र लिहायला घेतलं. ‘ताई, चुकले’ एवढं मराठीत लिहिलं आणि हात अडला. मराठीत माफी मागायची म्हणजे समोर उभं राहिल्यासारखं वाटतं, नजर चुकवता येत नाही. इंग्रजीत मेली बोटं आपोआप चालतात. पाच मिनिटांत पत्र टाइप झालं, बिनचूक, आणि टपालात पडलंसुद्धा. घरी चपला काढताना तिला आठवलं, आपण ‘आय डीपली रिग्रेट’ लिहिलंय. आणि कुणाला, तर ताईला!

आठवड्यानं टपालात ताईच्या अक्षरातलं पाकीट आलं. ते उघडायला तिला अर्धा तास लागला. आत तिचंच पत्र होतं, दुसरं काही नाही. ‘डीपली’वर लाल पेन्सिलीची आडवी रेघ, आणि समासात ताईचं टपोरं अक्षर: ‘तारीख नाही. कोण येणार? कधी?’

धाकटी आधी हसली, मग घळाघळा रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला.

"एकदम महिनाभर?" साहेबांनी चष्मा वर केला. "आणि तेही उद्यापासून?"

"बहिणीकडे जातेय, साहेब. तारीख आधीच उलटून गेलीय."

काय झालं कुणास ठाऊक, साहेबांनी सही केली.

ताईनं काठी टेकत दार उघडलं. वाळली होती, पण डोळे तेच, चूक शोधणारे. तिनं धाकटीकडे बघितलं, मग पायाशी ठेवलेल्या मोठ्या बॅगेकडे. गाडीत बसून पाठ केलेली सगळी वाक्यं धाकटीच्या डोक्यातून पार पळाली.

"सॉरी, ताई," ती म्हणाली.

"नुसतं सॉरी?"

"नुसतंच."

ताई काठी सावरत बाजूला झाली. "मग ये आत," ती म्हणाली.